अक्कांची भूक

आमच्या अक्का काहीही सोडू शकत असत. चातुर्मासात लोक वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात, आणि चातुर्मास संपला की भरल्या वांग्यांवर आडवा हात मारतात. अक्कांचं तसं नव्हतं. एका वर्षी त्यांनी कॉफी सोडली. मल्लेश्वरममध्ये जन्मलेल्या आणि दोन क्रॉस, म्हणजे दोन गल्ल्या, पलीकडे सासर मिळालेल्या बाईनं कॉफी सोडायची म्हणजे काय, हे मला पुण्याहून इथे कानडी मुलखात आल्यावर हळूहळू कळलं. चातुर्मास संपल्यावरही त्यांनी ती पुन्हा सुरू केली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "सोडली म्हणजे सोडली. त्यात विचारायचं काय?"

अक्का माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा मी पुणेरी थाटात त्यांना 'वन्सं' म्हटलं, तर हसल्या. "ते वन्सं-बिन्सं नको बाई, अक्का म्हण. इथे भाजीवालासुद्धा मला अक्काच म्हणतो." माझ्या नवऱ्याला त्या तम्मा म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. आई लवकर गेली, तेव्हा तम्माला त्यांनीच वाढवलं. अंगानं अक्का चांगल्या भरभक्कम होत्या. एवढे उपासतापास करणारी बाई इतकी जाड कशी, हा आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचा आवडता विषय. अक्कांना ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, "अंगानं मी आईवर गेले, हट्टानं अप्पांवर. दोघांचं भांडण अजून माझ्यात चालू आहे."

तम्माच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्याचं कळलं तेव्हा मी आधी स्वतःची तपासणी करून घेतली. माझी जुळली नाही. अक्कांची जुळली. निकाल ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." पण डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं आणि सांगितलं की एवढ्या वजनावर आम्ही किडनी काढणार नाही, तुमच्याच जिवाला धोका आहे. आधी वजन उतरवायचं. मग ते आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं.

त्या इंजेक्शनानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. अक्का अर्ध्या पोळीवर ताटावरून उठू लागल्या. एके दिवशी माझ्याकडे येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मेधा, डोक्यातलं स्वयंपाकघर बंद झालं गं. सकाळी उठल्यापासून तिथे काहीतरी शिजत असायचं, फोडण्या पडत असायच्या. आता शांत आहे. तुम्ही सगळे कायम असेच असता का?" मी म्हटलं, "हो, बहुतेक." त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला तेवढी भूकच नव्हती. आणि मी आयुष्यभर स्वतःला वखवखलेली समजत आले." मी उगाच चहा टाकायला उठले.

वजन उतरलं. हळदीकुंकवाला बायका त्यांना ओळखेनात. मंडळात कौतुक, फोटो, विचारपूस. अक्कांना त्याचं काही नव्हतं, त्यांचं लक्ष ऑपरेशनच्या तारखेकडे. तारीख जवळ आली आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. पाणी ठरेना, सलाईन लावावं लागलं, आणि जी किडनी काढून घ्यायची तिचाच रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी औषध थांबवलं. म्हणाले, हे औषध यांना आता पुन्हा नको. रिपोर्ट सुधारायला काही महिने लागतील. तेवढे दिवस वजन आहे तिथेच ठेवा. बस, एवढंच.

"एवढंच ना?" अक्का म्हणाल्या. मलाही वाटलं, एवढंच ना. कॉफी सोडणारी बाई ती, तिला काय अवघड.

औषध थांबलं आणि काही आठवड्यांत भूक परत आली. अक्का म्हणायच्या, "पूर्वी होती तशी नाही आली, मागचं सगळं वसूल करायला आली आहे मेली." त्यांनी भात सोडला. मग गोड सोडलं. मग रात्रीचं जेवण. सकाळी तळ्याभोवती फेऱ्या, दुपारी काकडीची कोशिंबीर आणि नाचणीची अर्धी भाकरी. तरी काटा पुढेच सरकायचा. मारतहळ्ळीहून अक्कांचा एक लांबचा भाचा यायचा, आयटीतला, हातात पट्टीसारखं घड्याळ बांधलेला. त्यांना सांगायचा, "मावशी, इट्स ऑल विलपॉवर." मी त्याला एकदा चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, तू एक महिना नुसती संध्याकाळची भेळ सोडून दाखव, मग आमच्या अक्कांना शिकव. त्यावर अक्काच म्हणाल्या, "असू दे गं. मलाही तसंच वाटायचं, लोकांकडे बघून."

अक्का तेव्हा बऱ्याचदा आमच्याकडेच जेवत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा जास्त मोडला की मी तो मनात मोजायचे. समोर तम्मा डायलिसिसहून येऊन पिवळा पडून झोपलेला असायचा. एका दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर अक्का ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातला गार भात आणि लोणचं खात होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. "तम्माला सांगू नकोस," म्हणाल्या. मला राग आला होता, कीवही आली होती, आणि दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता. मी पातेलं धुवायला घेतलं.

डॉक्टर भला माणूस. त्यानं अक्कांना समोर बसवून सांगितलं की यात तुमचा दोष नाही, औषध थांबवलं की बहुतेकांचं असंच होतं, शरीर गेलेलं वजन परत मागतं. अक्कांनी विचारलं, "मग मी काय करू?" डॉक्टरनं टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. दुसरं औषध दात्याला द्यायची त्याची तयारी नव्हती. त्या वजनावर ऑपरेशनचीही नव्हती. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि तेवढ्या अवधीत तम्माचं हृदय थकलं. आता त्यालाच ऑपरेशन झेपणार नाही, असं सांगण्यात आलं.

त्यानंतर तम्मा फार दिवस राहिला नाही. अक्का आता धारवाडला मुलीकडे असतात. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलतो, जेवणाचा विषय दोघी टाळतो. त्यांची आठवण आली की मला मात्र तम्मा असतानाचा तो एकच रविवार आठवतो.

तम्मानं सांगितलं होतं, थालीपीठं कर आणि अक्काला जेवायला बोलाव. त्यानं त्यांना आपल्याशेजारी बसवलं. त्याच्या स्वतःच्या ताटात बिनमिठाची भाजी आणि मोजकं पाणी. अक्कांच्या ताटात त्यानं हातानं थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "अक्का, ऑपरेशन रद्द झालं. माझ्या हृदयामुळे. आता तू पोटभर जेव."

अक्का ताटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं वजन टिकलं असतं तर वेळेत झालं असतं ना रे?"

"नसतं झालं," तम्मा म्हणाला. तो खोटं बोलत होता आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं. "जेव. तुला माझी शपथ."

अक्कांनी घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. एक थालीपीठ संपलं. तम्मानं दुसरं वाढलं, तेही संपलं. तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. मी तव्याशी उभी होते, मला वळून बघवत नव्हतं. मागून अक्कांचा आवाज आला, रडून बसलेला, इतका खाली की मला आधी नीट ऐकूच आला नाही.

"मेधा, अजून एक आहे का गं?"

मी वाढलं.