घोडीला सांगितलेली गोष्ट

प्रमिलाबाईंनी वाफ्यावरचं गोणपाट उचललं आणि त्या मटकन खाली बसल्या. गांडुळं वर येऊन पडली होती. लांब, ढिली, वाळल्या दोऱ्यासारखी. नेहमी उजेड दिसताच खाली पळणारी जात ती. आज एकही हललं नाही.

सोनगीरच्या किल्ल्याखाली त्यांची पत्र्याची शेड. नवरा गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्यांनी शेतकी कॉलेजातून दीड किलो गांडुळं आणली आणि लिदीचं खत करायला घेतलं. लीद दिराच्या घरची. दिराकडे लग्नाच्या वरातीच्या चार घोड्या. ताजी लीद आतून तापते, म्हणून बारा दिवस पसरायची, तीनदा उलटायची, हात घालून गार लागली की मगच वाफ्यात. धुळ्याच्या बंगल्यांतले गुलाब ह्या खतावर पोसलेले. माहेरी परतायचं नाही, कुणाच्या चुलीशी बसायचं नाही, हे त्यांनी ह्या किड्यांच्या जोरावर ठरवलं होतं. किडे गेले तर ठरवलेलंही गेलं.

आता दोष कुणाचा, तेही सांगते. धाकटी जाऊ कोकिळा एका बारशात बायकांसमोर म्हणाली होती, "अक्काले भाकरी थापू देऊ नका, हातले लिदना वास शे." बायका हसल्या. तेव्हापासून आठ महिने अबोला. एका अंगणात राहून! काही सांगायचं झालं तर कोकिळा घोडीला सांगायची आणि प्रमिलाबाई केरसुणीला.

तीन आठवड्यांपूर्वी लीद भरताना कोकिळा एका घोडीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली होती, "रूपा, जंतनी दवाई दिन्ही शे तुले. पंधरा दिन तुनी लीद कोणी नेवाले नको."

प्रमिलाबाईंना वाटलं, लीद बंद करायचा डाव आहे. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम दोन पाट्या जास्त नेल्या आणि गार झाल्यावर तिन्ही वाफ्यांत घातल्या. शहाणी बाई, पण हट्टापुढे शहाणपण काय करणार!

त्या तशाच उठून घोड्यांच्या तबेल्यात गेल्या. कोकिळा घोड्यांच्या चंदीचे हरभरे भिजवत होती.

"घोडीले कोणती दवाई दिन्ही?"

कोकिळाच्या हातातलं घमेलं खाली आलं. "मी सांगं व्हतं ना."

"घोडीले सांगं व्हतं."

"मंग कोणले सांगू? तुम्ही बोलतस का मन्हासंगे?"

"बठ्ठा गांडूळ मरी ग्यात, कोकिळा."

कोकिळानं औषधाचं खोकं आणलं. प्रमिलाबाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, औषध लिदीतून उतरतं, वाफा धुऊन उपयोग नाही. जिवंत असतील तेवढी वेगळी काढा, गायीच्या शेणात टाका, आणि आशा फार धरू नका.

दोघी दुपारभर तापल्या पत्र्याखाली वाफा चिवडत बसल्या. तळाशी, भिंतीकडच्या ओल्या कोपऱ्यात काही वळवळत होती. तीन वाफ्यांतून निघाली ती एका वाटीत मावली. त्यातलीही निम्मी नुसती पडून होती.

"जगतीन का, अक्का?" कोकिळानं विचारलं.

प्रमिलाबाईंनी वाटीकडे पाहिलं. आवाज करडाच निघाला.

"हात ओला कर पहिले. कोरड्या हाते धरं का मरतस त्या."