आळशी पडदा

“मी मरतो तो माझ्या चुकीने नाही, पडदा आळशी आहे म्हणून,” असं माझे साडू एकदा भर पंगतीत म्हणाले आणि शांतपणे जेवत राहिले. पंगत म्हणजे आम्ही चौघंच: ते, त्यांची बायको, मी आणि माझी बायको. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यातल्या थोरलीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, मीही ताईच म्हणतो. ताईंनी विचारलं, “आणि भाजी करपते ती गॅस आळशी आहे म्हणून का?” साडू म्हणाले, “ते तू गॅसला विचार. मी माझ्या मरणाबद्दल बोलतोय.”

हे मरण कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. साडूंचं चष्म्याचं दुकान आहे. मागे एक अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता, अलीकडे उंच खुर्ची. खुर्चीत गिऱ्हाईक बसवायचं, नाकावर जड चौकट ठेवायची आणि तिच्यात एकेक भिंग घालत विचारायचं, “हे बरं की हे?” हा प्रश्न त्यांच्या जिभेला इतका चिकटलाय की ताईंनी चादर बदलली तरी ते दारात उभे राहून जुनी डोळ्यांपुढे आणतात आणि स्वतःलाच विचारतात. कधीकधी ते चौकटीतलं भिंग काढून तेच परत घालतात. “आता?” गिऱ्हाईक म्हणतं, “हां, आता एकदम स्पष्ट.” मग त्या माणसाच्या उत्तरांवर किती विसंबायचं ते त्यांना कळतं. “लोक डोळ्यांनी बघत नाहीत,” ते म्हणतात, “भिडेने बघतात. मी विचारलं, म्हणजे काहीतरी बदललं असणारच, असं त्यांना वाटतं.”

असा माणूस या वयात बंदूक घेऊन पडक्या गोदामांतून पळायला लागला तो मुलीमुळे. मुलीला घरात भिंगरी म्हणतात. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घरातला आवाज गेला. फोन व्हायचे. “जेवलीस का?” “हो.” “झोप नीट?” “हो बाबा. ठेवू?” साडू फोन खाली ठेवून त्याच्याकडे असं बघायचे, जसं काही नंबर चुकलाय आणि पलीकडून कुणी अनोळखी मुलगी सभ्यपणे बोलली.

मग कळलं की रविवारी दुपारी ती कॉलेजातल्या दोघांबरोबर एक खेळ खेळते, आणि चौथी जागा रिकामी आहे. साडू म्हणाले, मी येतो. भिंगरी खूप हसली, पण तिने घेतलं. दुकानाची बिलं ज्या कॉम्प्युटरवर व्हायची, त्याच्यावरच हे लढायला लागले. खेळात त्यांनी नाव घेतलं ‘चष्मा’. सामना सुरू झाला की पहिले तेच मरायचे. “माझं काम मोठं आहे,” ते सांगायचे. “मी पडलो की बाकीच्यांना कळतं, खेळ सुरू झाला.”

पण खेळात भिंगरी बोलायची. शत्रूची वाट बघत भिंतीआड बसलं की करायला दुसरं काही नसतं. खोलीतल्या मैत्रिणीशी बिनसलंय, एक विषय अजिबात डोक्यात शिरत नाही, परवा जिन्यात बसून उगाच रडले. हे ती बापाला फोनवर कधीच सांगत नसे. इथे ती हे सगळं सांगायची आणि मधेच ओरडायची, “बाबा, डावीकडे!” तोवर बाबा मेलेले असायचे. मग मेलेले बाबा कान देऊन ऐकत बसायचे. सोमवारी ते मला दुकानात बोलावून तिची खबर सांगत, आणि ती सांगताना त्यांच्या हातातला चष्मा पुसून पुसून निम्मा व्हायचा.

भिंगरी ज्या संघाची कॅप्टन होती, त्यात खेळापुरतं वकील हे नाव घेतलेला एक मुलगा होता. कायदा शिकत होता आणि बोलणंही तसंच. तो एका रविवारी म्हणाला, “काका, राग मानू नका. पुढे कॉलेजांची स्पर्धा आहे, चौथा गडी बाहेरचा चालतो. माझा भाऊ चांगला खेळतो, आणि तो रिकामाच आहे.” साडूंनी थट्टेत विचारलं, “आणि मी भरलेला आहे का?” कोणी हसलं नाही. भिंगरी म्हणाली, “बघू.” त्या ‘बघू’ने माझे साडू आठवडाभर उंच खुर्चीत स्वतःच बसून राहिले. रविवार गेला तर काय उरेल ते त्यांना ठाऊक होतं. उरेल ‘जेवलीस का’.

म्हणून नवा मॉनिटर आला. खोक्यावर मुलीच्या वयाची मुलं रागाने धावत होती आणि एक मोठा आकडा छापला होता. साडूंनी आम्हाला बोलावून घेतलं. विजेच्या वस्तूंतलं मला कळतं असा दोन्ही घरांत समज आहे. मी पूर्वी मिक्सरचा फ्यूज बदलला होता, आणि त्या कीर्तीवर मी अजून जेवतो.

“पडद्यावरचं चित्र हलत नसतं,” साडूंनी समजावलं. “ते भराभर नव्याने काढलं जातं. जुना पडदा सेकंदाला साठदा काढायचा. हा त्याच्या चौपट. म्हणजे गोळी येतेय हे मला चौपट आधी कळणार.”

“कळून करणार काय?” ताई म्हणाल्या.

साडूंनी ऐकलं नाही. दुकानातल्या मापपट्टीने त्यांनी स्वतःचे डोळे आणि पडदा यांमधलं अंतर मोजलं, मग माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, आणि ते जास्तच कमी आहे म्हणाले. पडद्याची वरची कड भुवईच्या रेषेत हवी म्हणून खाली दोन जाड पुस्तकं घातली. खिडकीचं ऊन पडद्यावर येत होतं, तिथे ताईंची चादर ठोकली. कोणती बरी, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. मॉनिटरची बटणं कडेखाली मागच्या बाजूला होती. मी हात घालून चाचपडत दाबली, तशी अख्खी खोली हिरवी झाली. मी म्हणालो, हा रंग डोळ्यांना बरा असतो. ताई म्हणाल्या, “मग तळ्यात उडी मारा ना.” शेवटी रंग जागेवर आले. माझं उरलेलं योगदान म्हणजे मी केबल धरून उभा होतो.

साडूंनी पडद्यावर उघडलेली एक चौकट माऊसने पकडून इकडून तिकडे सर्रकन फिरवली.

“बघा. रेशीम!”

मी बघितलं. चौकट इकडून तिकडे गेली. आमच्या घरीही चौकट अशीच जाते. पण मी पाहुणा होतो, दुसऱ्यांदा चहा झाला होता, आणि साडूंच्या तोंडावर इतकं ऊन पडलं होतं की ते अडवायला ताईंची चादर पुरली नसती.

“रेशीम,” मी म्हणालो.

“लोण्यासारखं सरकतं हो भावोजी,” माझी बायको म्हणाली. ताई आतूनच, न बघता म्हणाल्या, “छान आहे.”

आणि पुढच्या रविवारपासून साडू खरोखर जगायला लागले. पहिले मरत नव्हते. कधी तिसरे मरायचे, कधी शेवटपर्यंत उरायचे. मला फोन यायचा, “साडूभाऊ, आज सगळा सामना जिवंत होतो. सवय नाही हो, दमलो.” वकील त्यांना विचारायचा, काका, काय खाताय सध्या? ते सांगायचे, “खात नाही, बघतो.” वकिलाच्या भावाचं नाव मागे पडलं. दुकानात ते चष्म्याबरोबर पडद्यांवरही सल्ला द्यायला लागले. नजर कितीही चांगली असली तरी समोरचं आळशी असेल तर उपयोग काय, असं एका निवृत्त गृहस्थांना त्यांनी इतकं पटवलं, की ते चष्मा न घेताच गेले. भिंगरीने तो न शिरणारा विषय सोडला, हेही साडूंना एका मोडक्या जिन्याखाली लपलेले असताना कळलं. ताईंना ते आठवड्याने कळलं, आणि घरात त्यावरून चांगलंच वाजलं.

सुट्टीत भिंगरी घरी आली. रविवारी स्पर्धेचा पहिला सामना होता. तिने स्वतःचा लॅपटॉप त्याच टेबलावर, बापाच्या शेजारी मांडला. बापलेक शेजारी बसून लढणार म्हणून आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. मी विजेचा माणूस, तेव्हा मागे उभा.

“आधी तुझं रेशीम तर बघू दे,” भिंगरी म्हणाली. तिने चौकट फिरवली. पुन्हा फिरवली. कपाळाला आठी घालून कुठेतरी आत शिरली आणि थांबली.

“बाबा.”

“काय?”

“हा साठवर चाललाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे जुन्याइतकाच. वेग इथे येऊन निवडावा लागतो. तू निवडलाच नाहीस.”

“खोक्यावर छापलंय की आकडा!”

“खोकं कुठे जोडलंयस तू कॉम्प्युटरला?”

खोलीत ताई हसल्या तेवढ्याच. साडू हळूच माझ्याकडे वळले. “साडूभाऊ, तुम्ही रेशीम म्हणालात.”

“आधी तुम्ही म्हणालात.”

“तुम्ही नुसते ऐकून म्हणालात?”

“मी केबल धरली होती,” मी म्हणालो. याहून चांगला बचाव मला आजही सुचत नाही.

मग मात्र ते असे हसायला लागले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “जन्मभर लोकांना तेच भिंग घालून पकडतोय, आणि मला खोक्याने पकडलं! दुकानावर पाटी लावा गं, इथे मालकाचे डोळे तपासून मिळतील.”

भिंगरीने वेग निवडला. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला. तिने चौकट फिरवली आणि तिच्यावरची अक्षरं पळता पळता वाचता आली. डोळ्यांवरून कोणी ओला हात फिरवावा तसं झालं. माझ्या बायकोने तोंड उघडलं.

“कोणी काही म्हणायचं नाही,” साडू म्हणाले. “आता मला खरंच दिसतंय.” मग थोड्या वेळाने, “पण मग इतके दिवस मी जगलो कसा?”

“सुधारलायस तू. सरावाने,” भिंगरी म्हणाली आणि लॅपटॉपची वायर उगाच सरळ करायला लागली.

सामना सुरू झाला. आम्हाला ऐकू यावं म्हणून वकिलाचा आवाज मोठ्याने लावला होता. साडूंनी मान वळवावी तसं पडद्यावरचं दृश्य झपकन वळवलं. इतके दिवस असं वळलं की भिंती, पिंपं, माणसं सगळं पुसल्यासारखं व्हायचं आणि वळणं संपल्यावर परत जमायचं. आज काहीच पुसलं गेलं नाही. पिंपं पिंपांच्या जागी होती. आणि त्यांच्यामधून लाल पट्टा बांधलेली एक बारकी आकृती धावत येत होती. ती भिंगरी. वरच्या गच्चीवरची आपली जागा सोडून ती खाली आली, साडूंच्या आणि समोरच्या दाराच्या मधे उभी राहिली, आणि दारातून आलेली गोळी तिला लागली.

“कॅप्टन, परत?” वकील ओरडला. “जागा सोडू नकोस ना!”

“चुकलं,” भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या डावात तेच झालं. साडू वळले, आणि वळता वळता त्यांना ती येताना दिसली. मलाही दिसली. तिसऱ्या डावात त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. जिथे कोणीच नव्हतं अशा मोकळ्या अंगणात ते जाऊन उभे राहिले. गच्चीवरून लाल पट्टा निघाला, जिना उतरला, पिंपं ओलांडली, आणि धापा टाकल्यासारखा त्यांच्या पुढ्यात येऊन थांबला.

साडूंनी पडद्यावरून नजर काढली आणि शेजारी बघितलं. भिंगरीने ओठ दातांत धरला होता. ती बापाकडे बघत नव्हती. तोवर तिसरा डावही गेला.

“दोन महिने हेच चाललंय,” वकिलाचा आवाज खोलीभर झाला. काकाही ऐकतायत हे रागाच्या भरात तो बहुधा विसरला होता. “वर तू असलीस की आपण जिंकतो. पण तुला खाली यायचंच असतं. आता पुढचा डाव गेला तर स्पर्धा संपली, सांगून ठेवतो. भाऊ इथे शेजारी बसलाय.”

“तू गप्प बस. मी बघते,” भिंगरी म्हणाली. मग आवाज बदलून, “बाबा, तू माझ्या मागे राहा. ऐकतोयस ना?”

साडूंनी माऊसवरचा हात उचलला. मागून ताईंनी विचारलं, “काय झालं, बंद पडलं का?” मला काहीतरी बोलणं भाग वाटलं. “नाही, चित्र फार छान येतंय,” मी म्हणालो.

पुढच्या डावाआधीची विश्रांती सुरू होती. साडूंनी बाण पडद्याच्या कोपऱ्यात नेला. एक चौकट उघडली, संघ सोडायचा आहे का म्हणून. ती सगळ्यांना वाचता आली. त्यांनी ‘हो’ दाबलं. चार नावांतलं ‘चष्मा’ हे नाव गेलं आणि त्या जागी रिकामी रेघ राहिली.

“अरे, काका गेले?” वकील म्हणाला. “मग भावाला घेऊ? कॅप्टन, लवकर सांग!”

“बाबा, हे काय केलंस?” भिंगरी अर्धी उठली. “मी बघत होते ना!”

साडूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं. बोलायचा माइक बंद करून टेबलावर ठेवला. स्वतःची खुर्ची मागे ओढली, लॅपटॉपची वायर भिंगरीच्या पायात येत होती ती बाजूला सारली. मग माझ्या शेजारून, ताईंच्या शेजारून ते खोलीबाहेर निघून गेले.