आप्पांची बिनजाळाची चूल

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, ताट समोर आलं की आधी आमटीत करंगळी बुडवत. चटका बसला तर समाधानानं जेवायला लागत. नाही बसला, तर ताट तळहातानं हळूच पुढे सरकवत आणि भिंतीकडे बघत बसत. रागावत नसत, ओरडत नसत. एकदा तरी ओरडावं, म्हणजे मलाही ओरडता येईल, असं मला कितीदा वाटलं असेल! पण तेवढीही सोय या माणसानं मला कधी करून दिली नाही.

"वाफ हाय तंवर जेवान," ते म्हणत. "वाफ गेली का नुस्तं पोट भरनं."

आप्पा मूळचे निघोज्याचे. सासूबाई गेल्या आणि ते कासारवाडीला आमच्याकडे राहायला आले. माझे यजमान पिंपरीच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये आणि मी घराजवळच्या शाळेत शिक्षिका. सकाळी स्वयंपाक करून, झाकून मी शाळेत जात असे. दुपारी आप्पांनी आमटी गॅसवर ठेवायची, पाच मिनिटांत उतरवायची. एवढं साधं काम. पण आप्पांचं दुसरं एक वचन आड यायचं. "बाप्यानं चुलीपाशी जाऊ नये. घराची बरकत जाती." यांना विचारलं तर म्हणायचे, "म्हातारं माणूस आहे, आता कुठं बदलायचं त्यांना?" म्हणजे बदलायचं कुणी, तर मी.

मग मी रोज मधल्या सुट्टीत घरी पळायला लागले. रूळ ओलांडायचे, घामाघूम होऊन घर गाठायचं, आमटी उकळायची, भाकरी तव्यावर टाकायची, ताट वाढायचं, करंगळीचा निकाल लागेपर्यंत उभं राहायचं आणि परत पळायचं. माझं स्वतःचं जेवण म्हणजे ओट्याशी उभ्यानं खाल्लेले दोन घास. त्यातून लोकल गेलेली नसली, तर फाटकाशी अडकायचं. वर्गावर पोचायला उशीर व्हायचा. आमच्या मोठ्या बाई दारात घड्याळ बघत उभ्या असायच्या. "देशमुखबाई, तुमचे सासरे तान्हे आहेत का हो?" असं त्या एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या. अशी वर्षं काढली मी.

ऐंशी सालाच्या पुढेमागे माझे धाकटे दीर, दत्ताभावोजी, कुवेतहून सुट्टीवर आले. येताना त्यांनी टीव्हीएवढं एक खोकं आणलं. मायक्रोवेव्ह हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. भावोजींनी कपभर पाणी आत ठेवलं, बटण फिरवलं. घरघर झाली, टिंग वाजलं आणि पाणी उकळत बाहेर आलं. जाळ नाही, धूर नाही, काडी नाही. आप्पांनी कपात करंगळी घातली आणि "अगाबाबौ!" म्हणून ती तोंडात धरली.

मी जीव मुठीत धरून म्हटलं, "आप्पा, दुपारी तुम्हालाच गरम करून घेता येईल यात."

त्यांनी वाकून यंत्राच्या आत नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "ह्याच्यात जाळ न्हाई. जाळ न्हाई तर ही चूल न्हाई. चूल न्हाई तर हरकत न्हाई."

त्या रात्री मी शांत झोपले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, आप्पा आल्यापासून पहिल्यांदाच, मी इतर शिक्षिकांबरोबर डबा उघडून बसले. माझी भाजी दुसरीनं खाल्ली, तिचं लोणचं मी खाल्लं. कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि मला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पण सुख आप्पांच्या बाजूनं येतं तेव्हा एकटं येत नाही. ज्या माणसानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो आता तिथून हलेना. त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसत. स्टीलचं भांडं आत चालत नाही, म्हणून माझ्या लग्नातला चिनी मातीचा टी-सेट त्यांनी ताब्यात घेतला. आमटी कपात, भाजी बशीत, भात साखरेच्या भांड्यात. पाहुणे आले की चहा स्टीलच्या पेल्यातून द्यायची पाळी माझ्यावर. पुढे त्यांनी ताक गरम केलं. केळं गरम केलं. एकदा भरितासाठी अख्खं वांगं आत ठेवलं आणि ते फुटलं. संध्याकाळी मी आले तर आप्पा खुर्चीत स्वस्थ, आणि आत वांग्याचा सडा.

"आप्पा, चीर तरी द्यायची त्याला!"

"निखाऱ्यावर कवा देत व्हती तुझी सासू चीर? वांगंच बेनं व्हतं."

मी आत डोकं घालून पुसत बसले.

शिवाय स्वयंपाकघरात बसल्यामुळे त्यांना माझा संसार दिसायला लागला. तेल फार जातं. मोहरीचा डबा मागं कशाला? डाळ कालची का? मी शाळेतून येईपर्यंत डब्यांच्या जागा बदललेल्या असायच्या. फोडणीत मोहरी तडतडतेय आणि मी हळद शोधतेय. देवळातले त्यांचे मित्र पाणी उकळताना बघायला यायचे, त्यांचे कप मी विसळायची. पूर्वी हा माणूस मला दिवसातून अर्धा तास छळत असे, आता दिवसभर. तरीही मी तोंडातून ब्र काढला नाही, कारण माझी मधली सुट्टी माझ्याकडे होती.

एके दिवशी घरी आले तर यंत्र बिघडलेलं. बटण फिरवलं की आतला दिवा लागे, घरघरही होई, पण पाणी थंडगार.

"काय केलंत, आप्पा?"

"काय न्हाई. जरा तापवत ठिवलं व्हतं."

"काय ठेवलं होतं आत?"

"काय न्हाई. मोकळंच. तवा आदी तापवावा लागतो का न्हाई? मग भाकर टाकायची. तसंच."

आत काही नसताना ते चालवायचं नाही, हे भावोजींनी शंभर वेळा बजावलं होतं. चिंचवडहून टीव्ही दुरुस्त करणारा आणला. त्यानं मागचं झाकण काढलं, आत बराच वेळ पाहिलं आणि झाकण परत लावलं. "हे इकडं कुणाला जमायचं नाही, ताई," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून माझं पळणं सुरू. सवय मोडली होती, दम लागायचा. त्याच आठवड्यात फाटक बंद, मी वर्गात उशिरा, आणि नेमके शाळा तपासायला साहेब आलेले. माझा वर्ग गोंधळ घालत होता.

रात्री जेवताना मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग सोड की नोकरी. ओव्हरटाइम मिळतोय, भागेल आपलं."

मी थकले होते. म्हटलं, "सोडते. दिवाळीपर्यंत करते आणि सोडते."

आप्पा शेजारीच जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला. "कशापायी सोडतीस?"

मला वाटलं, आता मी खरंच ओरडणार. "कशापायी? तुमच्या आमटीपायी, आप्पा!"

"खुळी का काय तू?" आप्पा म्हणाले. "साठ पोरं वर्गात बसवून एका म्हाताऱ्याची आमटी ऊन कराया पळत येतीस? कुनी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं! मी यांच्याकडे बघितलं, हे ताटाकडे बघत होते. माझे डोळे भरून आले ते दुःखानं नव्हे, निव्वळ संतापानं.

आप्पा मात्र शांतपणे बोलत राहिले. "ते यंत्र चालू व्हतं तवर तू सांच्याला हासत घरी यायचीस. येताना जिन्यावर गुनगुनायचीस. मला ऐकू येतं. उद्यापास्नं दुपारचं यायचं न्हाई. माझं मी बघीन."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आलेच. जिन्यातच गॅसचा वास आला. आत आप्पा शेगडीपुढे उभे, बटण सुरू, ओट्यावर मोडलेल्या काड्या, आणि हातात नवी काडी. मी धावत जाऊन बटण बंद केलं, काडी हिसकावली, खिडक्या उघडल्या. आणि मग मात्र मी ओरडले. इतक्या वर्षांचं सगळं ओरडले. शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "झालं? मास्तरीण हायेस ना? मग वरडून काय, शिकीव."

मी त्यांना शिकवलं. आधी काडी, मग बटण. काडी आपल्यापासून लांब धरायची. आमच्या पहिलीच्या पोरांसारखे ते चुकत होते, आणि पोरांपेक्षा जास्त वाद घालत होते. "आदी बटन सोडलं तर काय बिघडतं? काडी वाया जात न्हाई!" हात मला धरू देईनात. चौथ्या-पाचव्या खेपेला निळा जाळ पेटला. त्या दिवशी मला वर्गावर जायला चांगलाच उशीर झाला. तो शेवटचा.

यंत्र पुढे यांनी भंगारात घातलं. आप्पांची बरकत कुठं गेली नाही. ते रोज दुपारी गॅसवर आमटी ऊन करायचे, ती तळाला लागू द्यायचे आणि पातेलं मला घासायला ठेवायचे. डब्यांच्या जागा शेवटपर्यंत बदलत राहिले. मी नोकरी सोडली नाही.

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी मी थर्मासमधून पेज घेऊन गेले. दोन चमचे घेतले आणि पुरे म्हणाले. चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "आज रजा टाकते, आप्पा. बसते इथंच."

"हितं बसून काय करशील? माझं त्वांड बघशील?" श्वास घेत घेत ते म्हणाले. "जा. घंटा व्हईल."

मी वाद घातला. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे बोलणं संपलं. मी चिडूनच शाळेत गेले.

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर अर्धं गणित राहिलं होतं. मी खडू खाली ठेवला, परत उचलला, गणित पूर्ण केलं, पोरांनी उतरवून घेईपर्यंत थांबले आणि मगच निघाले. अर्धं टाकून गेले असते, तर या माणसानं मला त्याबद्दलही बोल लावला असता.