पानं नसलेला लाल मेपल

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. स्वतःच्या सदऱ्याचं कापड मात्र बायकोच निवडायची. आता ऐन थंडीत ते नर्सरीतल्या बोन्सायच्या बाकापुढे उभे होते आणि एक झाड निवडता निवडता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

लाल पानांचा जपानी मेपल हवा होता. बायकोचा होता अगदी तसाच. ती गेल्यावर पहिल्याच थंडीत तो मास्तरांच्या हातून मेला. परगावच्या लेकीने फोनवर विचारलं की ते "झाड छान आहे" म्हणायचे. आता लेक स्वतःच येणार होती. त्याआधी त्या कुंडीत दुसरं झाड लावायचं आणि ब्र काढायचा नाही, असा बेत.

पण बाकावर नुसत्या काड्या! एकाही झाडाला पान नाही.

"घरचा मेपल गेला, अगदी तसाच हवाय. यातला लाल कुठला?"

"सगळे लालच, काका," नर्सरीवाला म्हणाला. "मेपल पानं गळल्यावरच निवडावा. पानं असली की माणूस रंगालाच भुलतो. खोड बघा, बुंध्याशी कलमाची गाठ नाही ना बघा, ती जन्मभर खुपत राहते. तुमचं कुठल्या बाजूला झुकलेलं होतं?"

गिऱ्हाइकाचा कुठला खांदा उतरता आहे हे मास्तर दारातूनच ओळखायचे. घरच्या झाडाचं मात्र त्यांना लाल एवढंच आठवत होतं. बायकोकडे तरी कधी नीट पाहिलं का, असं मनात आलं आणि त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

शेवटी न राहवून त्यांनी लेकीलाच फोन लावला. "आईचं झाड कुठे झुकलं होतं गं? डावीकडे का?"

"गेलं का ते, बाबा?"

मास्तरांनी खरं सांगून टाकलं. "बाहेर कडाक्याची थंडी होती. मी ते घरात आणलं, पलंगापाशी, उबेला. अवेळी पालवी फुटली आणि वाळलंच बघ."

"त्याला थंडीत झोपू द्यावं लागतं. आई बाहेरच ठेवायची ना?"

"मला कुठे ठाऊक! म्हटलं, दोघं सोबतीने राहू."

लेक म्हणाली, "आईच्या झाडासारखं शोधू नका, बाबा. तुम्हाला आवडेल ते घ्या."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते वाकले. एक झाड उजवीकडे जरा कललेलं होतं. त्याच्या बुंध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. गाठ नव्हती. "हे द्या."

"घरात नका हं ठेवू, काका."

"नाही," मास्तर म्हणाले, "आता माझी खुर्चीच बाहेर काढतो."