धुराड्यावरचं अक्षर आणि दुप्पट करणारं कडं

२१ नोव्हेंबर १९९८, शनिवार. रक्कम एक हजार नऊशे रुपये. हजर: नागपूरचा कॅमेरेवाला, माझा मेहुणा आणि मी. त्या दिवशी मी टेलिकन्व्हर्टर विकत घेतला. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचं हे एक कडं असतं. त्यातली भिंगं चित्र दुप्पट मोठं करतात. माझ्याकडे तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी स्वस्तातली झूम लेन्स होती, जुनी, चार हजार आठशेला घेतलेली. म्हणजे मिलिमीटरमागे सोळा रुपये. कडं लावलं की सहाशे मिलिमीटर, एकूण खर्च सहा हजार सातशे, मिलिमीटरमागे अकरा रुपये सतरा पैसे. खरी सहाशेची लेन्स लाखाच्या वर होती. एवढा उघड फायदा बाकीच्या जगाच्या लक्षात कसा आला नाही, याचं मला परतीच्या बसमध्ये आश्चर्य वाटत होतं.

दुकानदाराने सांगितलं होतं की उजेड चौथा हिस्साच उरेल. मी म्हटलं, आमच्याकडच्या उन्हाचा चौथा हिस्साही पुष्कळ आहे.

गरज सासऱ्यांची होती. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते चौतीस वर्षं फिटर होते. ते जिनिंग बंद पडलं, जागा विकली गेली आणि नव्वद फुटी धुराडं डिसेंबरच्या मध्यात पाडायचं ठरलं. तरुणपणी आपण एकट्याने त्या धुराड्यावर चढून वीज उतरवायचा गज बसवला आणि वरच्या लोखंडी पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने आपलं पहिलं अक्षर लिहिलं, असं ते सांगत. घरात कोणाचाच विश्वास नव्हता. मेहुणा म्हणायचा, बाबा स्टुलावर चढले तरी दोघांना स्टूल धरावं लागतं. खालून पांढरा ठिपका दिसे, अक्षर नाही. धुराडं पडलं की त्यांचं बोलणं कायमचं थापांत जमा होणार होतं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "जवाईबापू, ते पाडाच्या आधी फोटो काढून द्या."

मी हिशेब केला. मेहुण्याच्या गच्चीपासून धुराडं दीडशे मीटर, अक्षर वीतभर. सहाशे मिलिमीटरवर नेहमीच्या आकाराच्या फोटोत ते जवळजवळ चार मिलिमीटर येणार, वर्तमानपत्रातल्या अक्षराहून मोठं. आवारात शिरून आणखी जवळ जाता आलं असतं, पण त्यासाठी फाटकावरच्या चौकीदाराला विचारावं लागलं असतं. नव्या मालकाच्या माणसाचे उपकार कशाला घ्यायचे? उपकार टाळायला एकोणीसशे रुपये मला जास्त वाटले नाहीत.

पुढच्या रविवारी गच्चीवर कॅमेऱ्याची तिपाई लावली. कडं बसवताच लेन्सने आपोआप फोकस करणं सोडून दिलं. मोटर थोडी मागेपुढे फिरली आणि थांबली. सकाळी अकरा वाजता कॅमेऱ्यात दिवेलागण झाली होती. डोक्यावर दुपट्टा घेऊन मी हाताने फोकस करू लागलो. गच्चीवर कोणी पाऊल टाकलं की धुराडं डोलायचं. कोणी हलू नका, असं मी सांगितलं. जावयाचा शब्द, सगळं घर जागच्या जागी बसलं. सासूबाईंनी खाली स्वयंपाकघरात मिक्सरसुद्धा बंद ठेवला. छत्तीस फोटो काढले आणि प्रत्येकाची नोंद वहीत केली.

छत्तीस फोटोंत छत्तीस पांढरे डाग आले. माझी लेन्स तीनशेवर मुळातच थोडी धूसर होती. कड्याने चित्राबरोबर तो धूसरपणाही इमानदारीने दुप्पट केला होता. गुणाकार करताना ही रक्कम मी धरली नव्हती.

मेहुण्याने फोटो उलटसुलट करून पाहिले. "बाबा, हे त कबुतराचं काम दिसून राह्यलं."

मी लेन्स, उजेड, कंपनं यांबद्दल सांगायला सुरुवात केली. सासऱ्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. जावयाने भर बैठकीत चूक कबूल करावी, हे त्या घरात बसत नव्हतं. त्यांनी फोटो नीट गोळा केले, पाकिटात घातले आणि म्हणाले, "फोटोत काही खोट नाई. रंगच पातळ होता. मले तवाच समजाले पाह्यजे होतं."

बाकीचे हसले. सासरे चहा सांगायला आत गेले.

बोरगावला आमच्या घरी परत येताना बायको म्हणाली, "बाबांनं आजवर ह्या गोष्टीत कोणासमोर हार नाई मानली. तुमच्या मशीनपायी मानली." आणि जरा वेळाने, "फाटकावर विचारून त पाहा."

धुराडं पडायला नऊ दिवस उरले होते. रजा टाकून मी फाटकावर गेलो. चौकीदाराने ओळखलं. "तुमी गच्चीवर होते ना त्या दिवशी? मले वाटलं सर्वे चालू हाये." त्याने आधी चहा दिला, मग गाठींच्या गोदामाच्या छतावर जायची शिडी दाखवली. तिथून धुराडं पन्नास मीटर. कडं न लावता, नुसत्या तीनशेवर, अक्षर जवळजवळ सहा मिलिमीटर येत होतं. हा हिशेब मी आधी केला नव्हता, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं. सात फोटो काढले.

सातही फोटोंत सासऱ्यांचं अक्षर स्पष्ट होतं. त्याच्या शेजारी आणखी एक अक्षर होतं, तेवढंच स्पष्ट. ते त्यांच्या जोडीच्या फिटरचं. तो माणूस वारून सहा वर्षं झाली होती, आणि या गोष्टीत तो पूर्वी कधीच आलेला नव्हता.

मेहुण्याने फोटो बापापुढे धरला. "तुम्ही त एकटे गेलते म्हणे."

सासरे फोटोकडे पाहत राहिले. "एकटा गेलतो असं मी कधी म्हणलं?" चाळीस वर्षं तेच म्हणत होते, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मग ते म्हणाले, "भेत होतो मी. तो पुढं चढला. अक्षर पाहा त्याचं, कसं सुंदर हाये."

त्यांनी दोन मोठ्या प्रती मागितल्या: एक स्वतःसाठी, एक त्या फिटरच्या बायकोसाठी. तिसरी प्रत चौकीदाराने मागितली होती, मी निघताना फाटकाजवळ उभं करून काढलेल्या त्याच्या स्वतःच्या फोटोची, कारण धुराड्यानंतर फाटकही जाणार होतं.

शेवटी दिलेली रक्कम: तीन प्रती, दर अठरा, एकूण चौपन्न रुपये, वर्ध्याच्या फोटो लॅबला.