राजीनामा, आपला आणि इथला

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरातला लोखंड ओतायचा कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. इमारत पाडण्याआधी एका निवृत्त शिक्षिकेने तिथले फोटो आणि दप्तर रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतले. मानिक चौकाच्या मागे एका वाचनालयाच्या दोन खोल्यांत आता ते मांडले आहे. फोटोतली माणसे ओळखायला ती जुन्या लोकांना बोलावते. मलाही बोलावले, कारण नोकरीच्या रजिस्टरांत बहुतेक अक्षर माझे.

“बाबूजी, लिखाई तो मोती जैसी है,” ती म्हणाली. “अब याददाश्त देखते हैं.”

याददाश्त चांगली आहे, हेच दुखणे. भट्टीपुढे उभ्या नऊ जणांच्या फोटोपाशी मी थांबलो. डावीकडून तिसरा, खांद्यावर गमछा, उन्हाने डोळे बारीक केलेला. खाली कागदाची पट्टी: ‘कुशल ढलैया. स्वेच्छा से नौकरी छोड़ी.’ ढलैया म्हणजे ओतकाम करणारा. दुसरे वाक्य शिक्षिकेने रजिस्टरातून जसेच्या तसे उतरवले होते. ते मी लिहिलेले होते.

“इनकी बिटिया आती है,” शिक्षिका म्हणाली. “हर बार कहती है, यह लाइन हटा दो, बापू ने नौकरी नहीं छोड़ी थी. मैं कहती हूँ, बहन, काग़ज़ के ख़िलाफ़ कैसे जाऊँ?”

मी पाणी मागितले, घोटभर प्यायलो आणि घरी आलो.

जे झाले ते असे. मी कारखान्यात नवा कारकून होतो, अजून कायम झालो नव्हतो. त्या ढलैयाचे आणि त्याच्या मिस्त्रीचे, म्हणजे मुकादमाचे, भांडण झाले. वितळलेले लोखंड सांडले, शिव्या झाल्या, ढलैयाने मिस्त्रीच्या कानाखाली वाजवली. दोन दिवसांनी चार जणांनी मध्ये पडून मिटवले. ढलैया महिनाभराच्या रजेवर गावी गेला. मिस्त्रीने एक घडी केलेला कागद माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, “बाबू, फ़ाइल में लगा लो. राजीनामा हो गया.”

तुम्ही मराठीत वाचता आहात, तेव्हा तुम्हीही तेच समजला असाल जे मी समजलो. आमच्या घरी हा शब्द रोजचा होता. वडील कचेरीतून आले की पगडी उतरवावी तसा आवाज उतरवून म्हणायचे, “उद्या राजीनामा देतो.” आई म्हणायची, “द्या हो, आधी हातपाय धुवा.” बाजारातली हिंदी मला येत होती, कोर्टातली आणि पंचायतीतली येत नव्हती. इथे राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचे लिहून देणे, समेट. नोकरी सोडणे म्हणजे इस्तीफ़ा.

मी कागदाचे शीर्षक आणि खालची सही तेवढी पाहिली. मधला मजकूर वाचला नाही. रजिस्टर उघडले आणि सुंदर अक्षरात ती ओळ लिहिली. त्या जागी आठवड्यात दुसरा माणूस घेतला गेला; मिस्त्रीने हरकत घेतली नाही.

महिन्याने तो परतला. फाटकावर त्याला अडवले, म्हणून माझ्या खिडकीशी आला. रागावला नव्हता, गोंधळला होता.

“बाबूजी, हमने तो सुलह करी ती. छोड़बे की कौन ने कही?”

मी फाइल काढली आणि कागद प्रथमच पूर्ण वाचला. ‘आगे से हम दोनों मिलकर काम करेंगे.’ कागदाच्या मागच्या बाजूला मिस्त्रीचीही सही होती. 

इथवर चूक होती. चुकीला माफी असते. पण तेवढ्यात साहेब मागून येऊन म्हणाले, “क्या बात है? काग़ज़ ठीक है?” आणि मी म्हणालो, “जी, ठीक है.” खिडकीकडे वळून त्याला म्हणालो, “दस्तख़त आपके ही हैं न?”

“हैं तो हमाए ही,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी तो कागद फाइलमधून काढून घरी आणला, कुणी वाचू नये म्हणून. फाडायचे धाडस झाले नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

तो नंतर मानिक चौकातल्या घाऊक दुकानांत पोती उचलायचा. मला पाहिले की पोते पाठीवर असतानाही म्हणायचा, “राम राम, बाबूजी.” मी लक्ष्मी ताल या तळ्याकडे जाणारी लांबची वाट धरू लागलो. पुढे तो दिसेनासा झाला. मी चौकशी केली नाही.

वाचनालयातून आल्यावर तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. चौथ्या दिवशी तो कागद घेऊन गेलो आणि शिक्षिकेला म्हटले, बिटियाला बोलवा. ती आली. साठीची बाई, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. मी उभा राहून सगळे सांगितले. शब्दाचा घोळ सांगितला, आणि साहेबांपुढे काय बोललो तेही. कागद तिच्या हातात दिला.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला.

“अम्मा पूरी ज़िंदगी लड़ीं उनसे,” ती म्हणाली. “कहती थीं, गुस्से में लगी-लगाई नौकरी छोड़ आए, ऊपर से झूठ बोलते हो. कारख़ाने का काग़ज़ झूठा, तुम सच्चे? हम भी अम्मा की तरफ़ रहते थे. आख़िर में बापू ने कहना ही बंद कर दिया.”

“माफ़ी माँगने लायक़ नहीं हूँ,” मी म्हणालो.

“तो मत माँगिए. लिख दीजिए.”

मी रजिस्टरात त्या ओळीशेजारी लाल शाईने लिहिले: ही नोंद खोटी आहे, ती मी केली, आणि खोटी आहे हे कळल्यावरही तशीच राहू दिली. हिंदीत लिहिले, पूर्ण नावानिशी सही केली. शिक्षिकेने फोटोखालची पट्टी नखाने खरवडून काढली. तोवर ती बाई भावाला फोन लावत होती. तिला ऐकू कमी येत असावे, फोनचा आवाज मोठा केलेला होता.

“भैया, बापू साँची कहत ते. काग़ज़ मिल गओ.”

 पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

“अब कौन खों बताएँ, बिन्नू? अम्मा तो रहीं नइयाँ.”

तिने फोन बंद केला, कागद पदरात बांधला आणि माझ्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेली. शिक्षिकेने तो कागद दप्तरासाठी मागितला नाही. मीही मागितला नाही.