नवरात्रात सोडलेल्या गोळ्या

त्यागाहून मोठं काही नाही, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. घराण्याकडे देवीची पूजा असल्यामुळे त्यागाची यादीही ठरलेली आहे: नवरात्रात अन्न, चपला आणि गादी सोडायची. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने गोळ्याही सोडल्या.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. बरीच औषधं फसल्यावर एका गोळीने त्याच्या कानातले आवाज गप्प केले होते. तिच्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं; पण आत्महत्येचा धोका हिच्यानेच कमी होतो, बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घट बसले तेव्हा भावाने आईला सांगितलं, "मी बरा आहे. एवढे दिवस देवीवर सोड की." उपास करणाऱ्याला अडवणं आमच्यात पाप. आईने अडवलं नाही, आणि मलाही सांगितलं नाही.

तो कमी बोलू लागला. मग आपल्या वस्तू लोकांना वाटू लागला. आत्या म्हणाली, "वैराग्य आलंय पोराला. आपल्या घराण्यात असा एक निपजतोच." एक काका त्याच्या पाया पडले आणि जाताना त्याचा मोबाइल घेऊन गेले.

सातव्या माळेला त्याने माझ्या हातात मोटारसायकलची चावी ठेवली.

"दादा, तुला राहू दे. मला कुठं जायचंय आता?"

"गोळ्या घेतोयस ना?"

"उपास आहे."

"मरायचे विचार येतात का?"

"सणासुदीचं काय अभद्र बोलतोस रे मेल्या!" आत्या ओरडली.

भाऊ मात्र सुटल्यासारखा म्हणाला, "येतात की. आवाज म्हणतात, सगळं देऊन झालं, तू तेवढा उरलास."

घट उठेपर्यंत तरी थांबा, असं आत्याचं म्हणणं पडलं. आम्ही रिक्षा बोलावली. आईने त्याचा हात दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं. खंड पडल्यावर पूर्वीचा डोस एकदम देता येत नाही, थोड्यापासून चढवावा लागतो. औषध का थांबवलं, असं त्यांनी विचारलं.

"उपासाला चालतं का, ते तुम्ही सांगितलं नव्हतं," आई म्हणाली.

दसरा वॉर्डात झाला. आवाज अजून अधूनमधून येतात. पण भाऊ घरी आहे, आणि गोळी आई स्वतः देते. त्या गोळीमुळे झोपेत त्याची लाळ गळते. सकाळी ओली उशी आई गच्चीवर टाकते. सोलापूरच्या उन्हात ती अर्ध्या तासात वाळते.